पायाखाली लाव्हा, डोक्यावर डेडलाइन!

नववीतल्या पाच पोरांना ज्वालामुखीवर प्रेझेंटेशन करायचं होतं. त्यांना फुजी सापडला, व्हेसुव्हियस सापडला आणि मग चक्क डोंबिवलीही सापडली. एका वीकेंडच्या भांडणाची, मेणाची आणि काळ्या दगडाची ही गोष्ट.

ज्वालामुखी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? टोपी घातल्यासारखा बर्फाळ फुजी? हॉलिवूडच्या सिनेमातली धावणारी गर्दी? की लाल-नारिंगी वॉलपेपर? ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, डोंबिवली, कल्याण अशी नावं नक्कीच येत नाहीत. ही नावं आपल्याला फक्त इंडिकेटरवर वाचायची सवय. पण ज्या खडीवर तुमची ८.१२ची लोकल धावते, ती खडीच मुळात थंड झालेला लाव्हा आहे. विश्वास बसत नाही ना? माझ्या भाचीच्या ग्रुपचाही बसला नव्हता.

भाची नववीत. डोंबिवली पूर्वेला राहते. भूगोलात ‘अंतर्गत हालचाली’ नावाचा धडा आहे, त्यातल्या ज्वालामुखीवर आठ मिनिटांचं प्रेझेंटेशन. पाच जणांचा गट, सोमवारी सादरीकरण, आणि शनिवारी दुपारपर्यंत हातात शून्य. थोडक्यात काय, आपल्या ऑफिससारखंच! ताईचा मला फोन, “तू मीडियातली आहेस ना, जरा बस त्यांच्याबरोबर.” माझी डिग्री मास कॉमची, त्यामुळे भूगोलाचे धडे द्यायचा प्रश्नच नव्हता. मी चहा घेत एका कोपऱ्यात बसले आणि बघत राहिले.

सोड्याचा उद्रेक

टीम अशी होती. भाची, म्हणजे स्वयंघोषित कॅप्टन. एक ‘स्लाइडवाला’, ज्यानं एआयला विचारून दहा मिनिटांत बारा स्लाइड्स तयार आणल्या होत्या. एक ‘ठाणेकर’, जिचं घर जूनमध्ये घोडबंदर रोडला गेलं, पण नववीत शाळा नको बदलायला म्हणून जी रोज गर्दीच्या उलट दिशेनं डोंबिवलीला येते. एक ‘कल्याणकर’, जिनं दोन दिवस खपून शाडूच्या मातीचा झकास डोंगर बनवला होता. त्यात खायचा सोडा, वरून व्हिनेगर आणि लाल रंग... की फस्स! आणि पाचवा एक शांत मुलगा. त्याला काम मिळालं होतं कार्डशीट आणायचं. बस्स, एवढंच.

स्लाइड्स देखण्या होत्या. फुजी, व्हेसुव्हियस, क्राकाटोआ. शेवटून दुसऱ्या स्लाइडवर भारत, आणि त्यात अंदमानच्या बॅरन बेटाचा फोटो. देशातला एकमेव सक्रिय ज्वालामुखी, दीडशेहून जास्त वर्षं गप्प राहून १९९१मध्ये पुन्हा जागा झालेला. वाचताना ठाणेकर थांबली. म्हणाली, “पुस्तकात तर लिहिलंय की दख्खनचं पठार भेगीय ज्वालामुखीनं बनलं. मग आपण कुठे राहतो? दख्खनमध्येच ना?”

“आपण कोकणात,” स्लाइडवाला.

“घाट उतरलं म्हणून दगड बदलतो का?”

आणि इथे खोलीत शांतता पसरली.

शंकू नाही, भेग

मग मोबाइल बाहेर निघाले, पुस्तक उघडलं गेलं आणि पुढचे दोन तास पोरं खरंच शिकली. मीही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी आपल्या या भागात जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून लाव्हा वर आला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. एक थर पसरायचा, थंड व्हायचा, मध्ये काही काळ जायचा, की वर दुसरा. आज हा दगड सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे आणि पश्चिम घाटात थरांची एकूण जाडी काही ठिकाणी दोन किलोमीटरच्या वर जाते. कळसूबाई १६४६ मीटर उंच. ती अख्खी याच थरांची. इंग्रजीत याला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. ट्रॅप म्हणजे सापळा नव्हे बरं का! स्वीडिश भाषेत जिन्याला ‘ट्रापा’ म्हणतात, त्यावरून आलेला शब्द. घाटातले डोंगर लांबून बघा, खरंच पायऱ्या दिसतात.

पण मग शंकूच्या आकाराचा डोंगर का नाही झाला? हे कोडं ताईनं स्वयंपाकघरातून सोडवलं. “अगं, झुणका ताटात वाढला की त्याचा ढीग राहतो. पातळ पिठलं वाढलं तर पसरतं.” एका वाक्यात अख्खा धडा! ज्या लाव्ह्यात सिलिका जास्त, तो घट्ट. त्याचे उभ्या उताराचे डोंगर होतात आणि आत कोंडलेल्या वायूमुळे स्फोटही होतात. आपल्याकडचा लाव्हा बेसाल्टचा, सिलिका कमी, पातळ. तो पसरत गेला.

जिवंत उदाहरण हवं होतं, ते आइसलँडमध्ये मिळालं. तिथे २०२१पासून रेक्यानेस भागात भेगांमधून उद्रेक होत आलेत, आणि नोव्हेंबर २०२३मध्ये ग्रिंडाविक हे गावच रिकामं करावं लागलं. जमिनीची शिवण उसवावी तशी आगीची लांब रेघ व्हिडिओत दिसते. त्याच देशात १७८३मध्ये लाकी नावाच्या भेगेतून आठ महिने लाव्हा वाहिला, सुमारे १५ घनकिलोमीटर. विषारी वायूंनी गुरं मेली, दुष्काळ पडला आणि आइसलँडची साधारण पाचवा हिस्सा लोकसंख्या गेली. आता दख्खनच्या लाव्ह्याचा अंदाज ऐका : दहा लाख घनकिलोमीटर किंवा त्याहून जास्त! स्लाइडवाल्यानं कॅल्क्युलेटर काढला आणि नुसतंच “बाप रे” म्हणाला.

डायनासोरही याच सुमाराला संपले. मेक्सिकोत चिक्शुलूबला पडलेला अशनी हे त्याचं मोठं कारण मानलं जातं; त्यात आपल्या लाव्ह्यातून निघालेल्या वायूंचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. भांडण फक्त ग्रुप प्रोजेक्टमध्येच होतं असं नाही, मंडळी.

खरा उद्रेक

तर, भांडण. “म्हणजे डोंगराचं मॉडेल चुकीचं आहे. काढून टाकू,” स्लाइडवाला सहज म्हणाला. बारा स्लाइड्सपैकी आठ त्याच्याही उडणार होत्या, पण त्या दहा मिनिटांत बनल्या होत्या. मातीचा डोंगर बनायला दोन दिवस गेले होते. कल्याणकरच्या हाताला अजून शाडू लागलेला होता. ती काही बोलली नाही. बॅग उचलली, चपला घातल्या आणि गेली. ठाकुर्ली येईपर्यंत तिनं व्हॉट्सअॅप ग्रुप सोडलेला होता.

आपल्या ऑफिसात अशा वेळी काय होतं? एक लांबलचक मेल जातो, सीसीमध्ये बॉस असतो आणि काम उरलेल्यांवर पडतं. इथेही तेच चाललं होतं. “जाऊ दे, आपण चौघं करू,” कॅप्टन म्हणाली. आणि तेव्हा तो शांत मुलगा पहिल्यांदा बोलला.

“मॉडेल तिलाच जमतं. मी दगड आणतो, पण मॉडेल मला नाही जमणार.”

“कसला दगड?”

त्याचे वडील डंपर चालवतात. क्रशरवरून खडी उचलायची आणि साइटवर टाकायची. सुट्टीत हा कधीकधी त्यांच्याबरोबर जातो. मग त्यानं जे सांगितलं ते एआयच्या स्लाइड्समध्ये कुठेच नव्हतं. “वरचा मुरूम जेसीबीनं निघतो. खाली काळा पाषाण लागला की सुरुंग लावतात. पण सगळा काळा दगड सारखा नसतो. एका थराचा दगड घट्ट असतो, दुसऱ्याला भोकं असतात. भोकांत पांढरं चमकतं. पप्पा म्हणतात, भोकाचा दगड खडीला कच्चा.”

पुस्तक पुन्हा उघडलं. मुरूम म्हणजे ऊन-पावसानं कुजलेला तोच बेसाल्ट. भोकं म्हणजे लाव्हा थंड होताना वर येऊन अडकलेले वायूचे बुडबुडे, म्हणून ती थराच्या वरच्या बाजूला जास्त. आणि पांढरं चमकतं ती नंतर पाण्याबरोबर येऊन पोकळीत साठलेली खनिजं. घट्ट दगड, भोकाचा दगड, पुन्हा घट्ट दगड... खाणीच्या भिंतीत लाव्ह्याचे थर एकावर एक मोजता येतात. या पोरानं ते बघितलेले होते. फक्त त्याला कुणी विचारलं नव्हतं.

रविवारी सकाळी भाची आणि ठाणेकर दोघी कल्याणला गेल्या. मेसेज नाही, फोन नाही, थेट घरी. काय बोलणं झालं ते मला सांगितलेलं नाही. अकरा वाजता तिघी परत आल्या, पिशवीत दोन डझन रंगीत मेणबत्त्या.

मेणाचा महाराष्ट्र

आयडिया कल्याणकरची. एका जुन्या ट्रेमध्ये मेण वितळवून थर ओतायचे. एक काळा, एक राखाडी, एक काळा. प्रत्येक थर थंड झाल्यावरच पुढचा. दोन थरांच्या मध्ये तिनं चिमूटभर माती भुरभुरली आणि एक छोटा प्लास्टिकचा बेडूक ठेवला. का? तर मुंबईत वरळीला लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या गाळात चिमुकल्या बेडकांचे जीवाश्म सापडलेत आणि १८४७मध्ये रिचर्ड ओवेन या ब्रिटिश शास्त्रज्ञानं त्यांचं वर्णन केलंय. म्हणजे एका उद्रेकानंतर पुढचा येईपर्यंत इथे तळी साचत होती, बेडूक डराव डराव करत होते!

शेवटी तापवलेल्या चमच्यानं तिनं मेणात दऱ्या कोरल्या. थर उघडे पडले, पायऱ्या दिसायला लागल्या, आणि मध्ये एक सुळका उरला. “हा मलंगगड,” ती म्हणाली. डोंबिवलीच्या गच्चीवरून दिसणारा मलंगगड आपल्याला ज्वालामुखीचं तोंड वाटतो, पण तो शंकू नाही. आजूबाजूचे थर पावसानं, नद्यांनी झिजवून नेले, त्यातून उरलेला तो तुकडा आहे.

शाडूचा डोंगरही राहिला. पहिल्या मिनिटाला तो फस्स करणार आणि ठाणेकर म्हणणार, “हा फुजीसारखा. आता आपला बघा.”

सोमवार, तिसरा तास

पुढचं मला भाचीनं संध्याकाळी सांगितलं. प्रेझेंटेशन साडेसात मिनिटांत संपलं. मग बाईंनी विचारलं, “इथे पुन्हा ज्वालामुखी होईल का?” कॅप्टननं उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि मिटलं. शांत मुलगा बोलला. जमीन हलते, भारत उत्तरेकडे सरकत गेला. ज्या उष्ण ठिकाणामुळे आपल्याकडे लाव्हा आला असं मानतात, ते आता हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे. तिथला ज्वालामुखी अजून पेटतो. आपल्याकडचं काम संपलं.

“मग वज्रेश्वरीचं पाणी गरम कसं?” मागच्या बाकावरून प्रश्न. त्यालाही त्यानंच उत्तर दिलं. पावसाचं पाणी भेगांमधून खोल जातं. किलोमीटरभर खाली गेलं की साधारण २५ ते ३० अंशांनी तापमान वाढतं. तिथे तापून पाणी दुसऱ्या भेगेतून वर येतं. खाली लाव्हा असायची गरज नाही.

नंबर? दुसरा. पहिला दुसऱ्या गटाला मिळाला. त्यांचा सोडा वर्गाच्या पंख्यापर्यंत उडाला म्हणे. पण बाईंनी भोकाचा दगड भूगोलाच्या कपाटात ठेवून घेतला आणि त्याला चिठ्ठी लावली. चिठ्ठीवर पाच नावं आहेत. कार्डशीट आणणाऱ्याचं सगळ्यात वर.

आपल्या टीममध्येही असा एक जण असतोच. मीटिंगमध्ये गप्प, पीपीटीमध्ये नाव नाही, आणि ज्या विषयावर आपण स्लाइड्स रंगवतो तो त्यानं प्रत्यक्ष हाताळलेला असतो. त्याला कार्डशीट आणायला पाठवू नका. आणि हो, सीसीत बॉसला टाकण्यापेक्षा कधीकधी कल्याणची लोकल पकडणं जास्त उपयोगी पडतं.

वीकेंडला बघा : लाव्हा, आपल्या लाइनवर

अंबरनाथचं शिवमंदिर : इ.स. १०६०चा शिलालेख असलेलं शिलाहारकालीन मंदिर. सगळं कोरीवकाम याच काळ्या बेसाल्टमध्ये. इतक्या कठीण दगडात इतकं नाजूक काम, जवळून बघाच.

पारसिकचा डोंगर : १९१६मध्ये सुरू झालेला सुमारे १.३ किलोमीटरचा पारसिक बोगदा याच्याच पोटातून जातो. २०२२मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू होईपर्यंत आपल्या फास्ट लोकल त्यातूनच धावायच्या. मुंब्र्याजवळ डोंगराचे कापलेले कडे दिसतात.

लोनाडची लेणी : कल्याण-भिवंडीच्या मधे, बेसाल्टमध्ये खोदलेली बौद्ध लेणी. गर्दी कमी, निवांतपणा भरपूर.

गिल्बर्ट हिल, अंधेरी : साधारण २०० फूट उंच, उभ्या खांबांची जुडी बांधल्यासारखा खडक. लाव्हा सावकाश थंड होताना आकसला आणि असे खांब तयार झाले. वर देवीचं मंदिर आहे, पायऱ्या आहेत.

वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी : तानसा नदीच्या काठची गरम पाण्याची कुंडं. पाय बुडवून बसा आणि शांत मुलाचं उत्तर आठवा.