बेवडामागचे विज्ञान

माझ्या कॉलेजात दरसाल एखादा शेतकऱ्याचा मुलगा विचारतो, "सर, सायन्स शिकलो म्हणजे शेती सुटलीच ना?" आज त्याला उत्तर द्यायचे आहे.

कडधान्याच्या बेवडावर पुढचे पीक जोमाने येते, हे आपले आजे-पणजे जाणत होते. असे का होते, याचा उलगडा १८८६ साली जर्मनीत हेल्रीगेल यांनी केला. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात. १८८८ साली हॉलंडमध्ये बायजेरिंक यांनी ते जिवाणू वेगळे काढले. हवेत ७८ टक्के नत्र आहे. पण झाडाला तो जसाच्या तसा घेता येत नाही. कोठार भरलेले, पण कुलूपबंद! किल्ली आहे ती या जिवाणूंकडे.

खोटे वाटते? भुईमुगाचे फुलोऱ्यातले रोप मुळासकट हळूच खणून काढा, मुळे धुवा आणि एक गाठ नखाने कापा. आत तांबूस-गुलाबी दिसले, तर जिवाणू कामावर आहेत असे समजा. गुरुजींनी हा प्रयोग मुलांकडून जरूर करवून घ्यावा. खर्च काय, एका रोपाचा.

मग संशोधनाला उरले काय? पुष्कळ उरले आहे. भाताला दिलेल्या युरियातला निम्म्याहून कमी नत्र सहसा पिकाच्या अंगी लागतो. बाकीचा काही वायू होऊन उडून जातो, काही पाण्याबरोबर निचरतो. पैसा जातो शेतकऱ्याचा, आणि बिघडते विहिरीचे पाणी. थोड्या नत्रावर भागवणारा वाण कोणता? पाकिटातले जिवाणू मातीतल्या जुन्या जिवाणूंपुढे टिकतील का? ऊस, ज्वारी यांना कोणत्या जिवाणूंची साथ मिळेल?

अशाच प्रश्नांमागे योहाना डोबेराइनर यांनी जन्म घालवला. महायुद्धानंतर त्या जर्मनीत शेतावर राबल्या, मग कृषिशास्त्र शिकल्या आणि १९५१ पासून ब्राझीलमध्ये मातीतल्या जिवाणूंवर काम करू लागल्या. ब्राझीलचे सोयाबीन नत्रखतावाचून, जिवाणूंच्या जोरावर पिकू लागले, त्यात त्यांचा वाटा मोठा होता.

आपल्याकडची वाट अशी : बारावी सायन्स, मग कृषी किंवा सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी, एम. एस्सी. आणि पीएच. डी. राहुरी, अकोला, परभणी, दापोली येथे कृषी विद्यापीठे आहेत. उत्तर प्रदेशात मऊ येथे शेतीउपयोगी सूक्ष्मजीवांची राष्ट्रीय संस्था आहे. पुढे विद्यापीठांत, संशोधन केंद्रांत, जिवाणू खतांच्या कारखान्यांत काम मिळू शकते. वाट लांबची आहे, हे लपवत नाही. पदवीनंतरही पाच-सहा वर्षे लागतात, आणि पाऊस दगा देतो तेव्हा वर्षाचा प्रयोगही बुडतो. पण पाऊस दगा देतो म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या मुलाला का शिकवावे लागते?

तेव्हा त्या मुलाला सांगतो : बाळ, शेती सुटत नाही. आजोबांनी जे डोळ्यांनी पाहिले, त्याचे कारण शोधायला तू परत त्याच बांधावर येतोस.