आयकर विवरणपत्र : मुदतवाढ कोणास व केव्हा?

विवरणपत्र भरण्याची मुदत संपत आली, परंतु आजारपणामुळे अथवा कागदपत्रे न मिळाल्यामुळे ते तयार झालेले नाही, अशी अडचण अनेक करदात्यांपुढे उभी राहते. अशा वेळी आयकर अधिकाऱ्यांकडे अर्ज केल्यास मुदत वाढवून मिळते, असा समज अद्यापही आढळतो. त्यास पूर्वी आधार होता. आयकर अधिनियम, १९६१ अन्वये नमुना क्रमांक ६ मध्ये अर्ज करून मुदतवाढ मागता येत असे. १ एप्रिल १९८९ पासून ही सोय राहिलेली नाही.

आता मुदत वाढते ती केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या आदेशाने व एका संपूर्ण वर्गासाठी. २०२४-२५ या आर्थिक वर्षाकरिता, लेखापरीक्षा आवश्यक नसलेल्या करदात्यांची ३१ जुलै २०२५ ही मुदत मंडळाने प्रथम १५ सप्टेंबरपर्यंत व नंतर आणखी एक दिवस वाढविली.

ही मुदत चुकलेल्यांना ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत विलंबित विवरणपत्र भरता येत होते. त्यासाठी ५,००० रुपये, तर एकूण उत्पन्न ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास कमाल १,००० रुपये शुल्क होते. थकलेल्या करावर दरमहा १ टक्का व्याज निराळे. याखेरीज, व्यवसायातील व भांडवली तोटा पुढील वर्षांत ओढता येत नाही. तसेच नोकरदारास जुनी करपद्धती निवडता येत नसल्याने विमा, भविष्य निर्वाह निधी यांसारख्या वजावटींचा लाभ गमवावा लागतो.

विलंबित विवरणपत्राचीही मुदत टळली आणि कापला गेलेला जादा कर परत मिळावयाचा असेल, तर कलम ११९(२)(ख) खाली विलंब क्षमापित करण्याचा अर्ज करता येतो. तोटा पुढे ओढण्यासाठीही हाच मार्ग आहे. मंडळाच्या १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार असा अर्ज आकारणी वर्ष संपल्यापासून ५ वर्षांच्या आत करावा लागतो. १ कोटी रुपयांपर्यंतच्या दाव्यांचा निर्णय प्रधान आयकर आयुक्त अथवा आयकर आयुक्त देतात. विलंबास वाजवी कारण होते आणि अर्ज नाकारल्यास खरोखरीची अडचण होईल, हे पटवून द्यावे लागते. त्यामुळे रुग्णालयाची कागदपत्रे व इतर पुरावे जपून ठेवणे अगत्याचे आहे.

सारांश, मुदतीपूर्वी सवलत मागण्याचा मार्ग वैयक्तिक करदात्यास उरलेला नाही. मुदतीनंतरची क्षमा मात्र पुराव्यावर व अधिकाऱ्यांच्या निर्णयावर अवलंबून असते. म्हणून वेळेवर विवरणपत्र भरणे हेच करदात्याच्या हिताचे होय.