पडद्याआडच्या कारकुनाची बडतर्फी

पैनगंगेच्या खोऱ्यातील उमरखेडच्या बाजारपेठेत एखादा अडत्या कापसाच्या हंगामात हजारो पावत्यांचा हिशेब संगणकावर मांडीत बसला असता पडदा गोठून जाऊ नये, एतदर्थ ब्राउझरमधील जावास्क्रिप्ट ते जड काम ‘वेब वर्कर’ नामक पडद्याआडच्या कारकुनाकडे सोपविते. फायरफॉक्सच्या २००९ सालच्या ३.५ आवृत्तीत दाखल झालेल्या या कारकुनास पानाच्या दर्शनी भागाला हात लावण्याची मुभा नसते. मुख्य दप्तराशी त्याचा व्यवहार प्रायः निरोपांच्या देवघेवीनेच चालतो.

काम निरुपयोगी ठरल्यास त्यास थांबविण्याचे मार्ग दोन. मुख्य दप्तरातून ‘टर्मिनेट’ हा हुकूम सुटताच, आवराआवरीची सवड न देता, हातातील बेरीज अर्धवट असतानाच त्याची बडतर्फी होते. उलटपक्षी ‘क्लोज’ हा त्याने स्वतः दिलेला राजीनामा असून, त्यात हाती घेतलेले काम तडीस जाते, रांगेतील पुढची कामे मात्र रद्द होतात. ‘थांब’ असा साधा निरोप धाडावा, तर चालू गणित संपेपर्यंत तो वाचलाच जात नाही. म्हणून मोठे काम लहान तुकड्यांत विभागणे श्रेयस्कर. बडतर्फ कारकून पुन्हा रुजू होत नाही. त्याच्या जागी नवाच नेमावा लागतो.