लेकरानं गाडीत पाठमोरं का बसायचं?

लोहाऱ्याहून तुळजापूरला जावळासाठी गाडी निघते. ड्रायव्हरशेजारी आजी आणि तिच्या मांडीवर दीड वर्षाचं लेकरू, दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं. याहून सुरक्षित जागा कोणती, असं कुणालाही वाटेल. हिशेब मात्र चक्रावून टाकतो.

लेकराचं वजन १२ किलो आणि गाडीचा वेग ताशी ५० किलोमीटर धरू. गाडी धडकली आणि पुढून चेपत अर्ध्या मीटरात थांबली. याला सेकंदाचा दहावा भागही लागत नाही. तेवढ्या वेळात लेकराला धरून ठेवायला सुमारे २४० किलोचा जोर हवा. म्हणजे जवळपास अडीच क्विंटल, सोयाबीनची चार पोती! पैलवानाच्या हातूनही लेकरू निसटेल. त्यात आजीनं बेल्ट लावला नसेल, तर लेकरू तिच्या आणि डॅशबोर्डच्या मध्येच चिरडतं.

मग लेकराला स्वतंत्र सीटवर समोर तोंड करून बांधलं तर? इथं शरीराची घडण आडवी येते. जन्मतः डोकं शरीराच्या लांबीचा चौथा हिस्सा असतं, मोठेपणी ते जेमतेम सातवा-आठवा हिस्सा उरतं. शिवाय लहानग्याच्या मानेचा एकेक मणका म्हणजे कूर्चेनं जोडलेले हाडांचे सुटे तुकडे. ते एकसंध व्हायला काही वर्षं जातात. धक्का बसला की पट्ट्यामुळे धड जागेवर राहतं, जड डोकं पुढं झेपावतं आणि सगळा ताण त्या कोवळ्या मानेवर येतो.

यावरचा तोडगा अंतराळयानातून आला. स्वीडनचे संशोधक बर्टिल आल्डमन यांनी जेमिनी यानातल्या अंतराळवीरांची आसनं पाहिली. उड्डाणाचा प्रचंड दाब ते पाठीवर रेलून झेलत, त्यामुळे तो पाठभर विभागला जाई. मग लेकराला गाडीत पाठमोरं बसवलं तर? १९६४ मध्ये व्होल्वोच्या गाडीत अशा सीटचा पहिला नमुना तपासला गेला. यात धडकेच्या वेळी डोकं, मान आणि पाठ एकत्रच सीटमध्ये दाबली जातात, मान एकटी ताणली जात नाही.

आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ या गाड्यांच्या सुरक्षा-चाचणीत दीड आणि तीन वर्षांच्या मुलांएवढे पुतळे बाल-सीटमध्ये बसवून गाड्या ताशी ६४ किलोमीटरनं धडकवतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायदाही स्पष्ट आहे. चौदा वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा बाल-सीटशिवाय नेलं, तर १००० रुपये दंड. मोटारसायकलवर चार वर्षांखालच्या मुलाला हार्नेस बांधायचा, नऊ महिन्यांपुढच्याला हेल्मेटही घालायचं आणि वेग ४० च्या आत ठेवायचा.

म्हणून सीट घ्या, ती मागच्या बाकावर पाठमोरी बसवा आणि उंची-वजनाची मर्यादा संपेपर्यंत तशीच ठेवा. समोर एअरबॅग चालू असेल, तर पाठमोरी सीट पुढं कधीच नको. जाड स्वेटर काढून पट्टे आवळा. खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरता आला, तर तो सैल आहे. जावळ असो की दवाखाना, आधी लेकराचा पट्टा, मगच गाडीची किल्ली.