संगणकाच्या पोटात (भाग ९) : घड्याळ पुढे दामटताना

गेल्या आठवड्यात आपण प्रोसेसरचं घड्याळ पाहिलं. ३.३ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ३३० कोटी ठोके, आणि प्रत्येक ठोक्याला कामाचं एक पाऊल. हा वेग कंपनी ठरवून देते. तो आपल्या हाताने वाढवणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग.

याची गोडी अनेकांना लागली ती १९९८ च्या सेलेरॉन ३००ए मुळे. इंटेलची ही स्वस्तातली चिप. चिपचा वेग म्हणजे बसचा वेग गुणिले गुणक. तिचा साडेचारचा गुणक आतच पक्का केलेला, त्याला हात लावायची सोय नव्हती. पण मदरबोर्डच्या बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेला की ३०० ची चिप ४५० वर धावे, आणि कितीतरी नग विनातक्रार धावत. कंपन्या वेगाचा शिक्का मारताना थोडी गुंजाईश राखून ठेवतात. लोक ती वसूल करत होते. आज ती फारशी उरलेली नाही, कारण टर्बोच्या नावाखाली चिप स्वतःच जमेल तेवढी पळते. गुणकही सरसकट मोकळा नसतो. इंटेलमध्ये सहसा नावापुढे ‘के’ असलेली चिप आणि ‘झेड’ मालिकेचा बोर्ड लागतो. एएमडीच्या बहुतेक रायझन चिपांचा गुणक मोकळा असतो.

वेग वाढवत नेला की एका टप्प्यावर ट्रान्झिस्टरना ठोक्याच्या आत आपलं काम उरकता येत नाही. मग व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि खरी किंमत तिथे मोजावी लागते. वीज वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. समजा, ३.३ ची चिप ४.५ वर नेली आणि त्यासाठी व्होल्टेज १.२ वरून १.३५ केलं. वेग वाढला ३६ टक्के. उष्णता मात्र ७० टक्क्यांहून जास्त. कुलर कितीही भारी घ्या, खोलीतल्या हवेपेक्षा चिप थंड करणं त्याच्या हाती नाही. जानेवारीत २२ अंशांच्या खोलीत ७५ दाखवणारी चिप अकोल्यात मे महिन्यात, ४० अंशांच्या खोलीत, ९३ च्या आसपास जाईल. इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप चिपांची मर्यादा १०० अंश आहे. ती गाठली की चिप आपणहून वेग कमी करते, म्हणजे एवढा खटाटोप करून कमावलेलं गेलं. म्हणून चाचणी घ्यायची तर उन्हाळ्यात, भर दुपारी घ्या.

जादा व्होल्टेज आणि उष्णतेने चिपमधल्या सूक्ष्म तारांतले धातूचे अणू हळूहळू सरकतात, चिप अकाली म्हातारी होते. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या अनेक डेस्कटॉप चिपा अस्थिर झाल्या. ग्राहकाने वेग वाढवलेला नसतानाही, चिप स्वतःच जास्त व्होल्टेज मागत होती. इंटेलला मायक्रोकोड बदलावा लागला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली.

पण मला सर्वांत जास्त भीती वाटते ती न दिसणाऱ्या चुकीची. माझ्याकडे कोअर आय५-२५००के होता, ४.६ वर चालवलेला. महिनोन्‌महिने गेम चालले, निळा पडदा एकदाही आला नाही. आजीच्या पंच्याहत्तरीचे फोटो मी त्यावर झिप केले आणि मूळ फोल्डर पुसून टाकलं. तीन महिन्यांनी झिप उघडली तर ‘सीआरसी एरर’. आजी केक कापतानाचा फोटो अर्धा उघडला. खालचा अर्धा नुसता करडा. संगणक मूळ वेगावर आणून दुसरे फोटो झिप करून पाहिले, एकही चूक नाही. ४.६ वर नेला की पाच-सहा फाइलींमागे एक बिघडलेली. प्रोसेसर आजही ठणठणीत आहे, ते फोटो मात्र गेले.

तरीही करायचंच असेल, तर आधी बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून ठेवा. व्होल्टेज ‘ऑटो’वर सोडू नका, बरेच बोर्ड गरजेपेक्षा जास्त देतात. एका वेळी १०० मेगाहर्ट्झ वाढवा, वहीत लिहा, प्राइम९५ निदान तासभर चालवा आणि तापमानावर नजर ठेवा. गेम चालला म्हणजे चाचणी झाली, असं समजू नका. मेमरी जादा वेगाने चालवणारं एक्सएमपी प्रोफाइल सुरू करणं हेही कंपन्यांच्या लेखी ओव्हरक्लॉकिंगच, तेव्हा त्याची चाचणी मेमटेस्टने वेगळी घ्या. पडदा काळाच राहिला तर घाबरू नका. वीज बंद करून, प्लग काढून, बोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी काही मिनिटं बाहेर ठेवली की बहुतेक बोर्डांच्या सेटिंग्ज मूळपदावर येतात. जळालेली चिप मात्र वॉरंटीत बसत नाही.

ज्या संगणकावर दुकानाचं टॅली आहे, कुणाचा प्रबंध आहे किंवा घरचे एकुलते एक फोटो आहेत, त्याच्या घड्याळाला कृपा करून हात लावू नका. हौस जुन्या, रिकाम्या मशीनवर भागवा. पुढच्या आठवड्यात कुलर आणि थर्मल पेस्ट.