खेळांतली चित्रसृष्टी (लेखांक ६) : राखेचे बेट

‘द एल्डर स्क्रोल्स’ मालिकेतला तिसरा गेम ‘मॉरोविंड’ हा अमेरिकेतल्या बेथेस्डा कंपनीने २००२ साली काढला. त्याचे कथानक व्हार्डनफेल नावाच्या बेटावर घडते. बेटाच्या मधोमध रेड माउंटन हा ज्वालामुखी आहे आणि बेटाचे रंगरूप बरेचसे त्याच्यावरूनच ठरते. डोंगराभोवतीचा मुलूख राखेने करडा झालेला. नैर्ऋत्येच्या किनाऱ्यावर दलदल, दक्षिणेला तळ्याकाठची हिरवी शेती, पूर्वेकडे पिवळ्या गवताची माळराने. वारा सुटला की राखेची वादळे येतात आणि त्यांतून चालणारी पात्रे हात उचलून तोंडासमोर धरतात. एवढ्या लहानशा हालचालीने हवामान हा केवळ पडद्यावरचा देखावा राहत नाही.

मालिकेतला आधीचा गेम ‘डॅगरफॉल’ (१९९६) याचा प्रदेश अवाढव्य होता, पण त्यातला बराचसा भाग संगणकाने नियमांच्या आधारे तयार केलेला होता. त्यामुळे एक गाव पाहिले की पुढची दहा पाहिल्यासारखीच वाटत. ‘मॉरोविंड’मध्ये क्षेत्र पुष्कळ लहान केले गेले आणि दगड, झाडे, दिवे माणसांनी आपल्या हातांनी मांडले. या जगाच्या संकल्पनाचित्रांत मायकेल कर्कब्राइड या चित्रकाराचा वाटा मोठा आहे. किल्ले, ओकची वने, बाणेदार सरदार हा मध्ययुगीन युरोपचा साचा त्या काळच्या अद्भुतरम्य खेळांत सर्रास चाले. तो इथे पूर्ण टाकलेला नाही, मात्र त्याची जागा बदललेली आहे. युरोपीय वळणाचे दगडी किल्ले इथे साम्राज्याच्या फौजेचे आहेत, म्हणजे परक्यांचे. बेटावरचे मूळचे रहिवासी डन्मर हे राखेच्या रंगाच्या कातडीचे, लाल डोळ्यांचे लोक. त्यांची घरे वेगळीच दिसतात.

खेळाची सुरुवात याच फरकावर बेतलेली आहे. नायक कैदी म्हणून जहाजातून सेडा नीन या बंदरात उतरतो. तिथली जकातकचेरी आणि दीपगृह कोणालाही ओळखीचे वाटावे असेच आहे. गावाच्या कडेला मात्र उंच काटकुळ्या पायांचा एक अजस्र कीटक उभा असतो आणि मधूनच घुमणारा, कण्हल्यासारखा आवाज काढतो. हा सिल्ट स्ट्रायडर. त्याच्या पोखरलेल्या कवचात उतारू बसतात आणि चालक त्याचे उघडे पाडलेले अवयव दाबून त्याला हाकतो. किळस यावी अशी ही कल्पना आहे. पण लोक एसटीच्या थांब्यावर जावे तितक्या सहजपणे तिथे जातात, आणि त्या सहजतेमुळेच ती पटते.

वास्तुरचना हे या गेमचे सर्वांत समृद्ध अंग. डन्मरांची तीन घराणी बेटावर सत्तेसाठी झगडतात आणि प्रत्येकाचे बांधकाम त्याच्या वृत्तीला धरून आहे. व्यापारी ह्लालूंची बाल्मोरासारखी शहरे नदीकाठी, मातकट रंगाच्या सपाट धाब्याच्या घरांची. लढवय्या रेडोरानांची घरे किड्यांच्या पाठीसारखी गोलसर. त्यांच्या आल्डरून शहरात एका प्रचंड मृत खेकड्याचे कवचच सभागृह झाले आहे. आत सरदारांचे वाडे आणि त्यांना जोडणारे पूल. टेलव्हानी हे जादूगार. ते मनोरे बांधत नाहीत, महाकाय अळंब्यांपासून वाढवतात. कित्येक मनोऱ्यांत वरच्या दालनात जायला जिनाच नसतो; ज्याला हवेत तरंगता येत नाही त्याला यजमान भेटायचा नाही. घराण्याचा तुसडेपणा सांगायला संवादाची गरजच उरत नाही.

व्हिवेक या मोठ्या शहराबद्दल मत थोडे राखून द्यावे लागते. पाण्यातून वर आलेले पायऱ्यापायऱ्यांचे प्रचंड चौथरे आणि एका देवाच्या सामर्थ्याने मंदिरावर अधांतरी थांबलेली, आतून तुरुंग केलेली शिळा हे दृश्य बाहेरून विलक्षण आहे. आत शिरल्यावर मात्र चौथऱ्यामागून चौथरे सारखेच दिसतात आणि वाट चुकते. माणसांचे चेहरे आणि चालही आज कच्ची वाटते. पाण्यातली प्रतिबिंबे मात्र त्या काळी नव्या ग्राफिक्स कार्डांवर नावाजली गेली.

अंतराचा आभास हा या चित्रसृष्टीचा आणखी एक विशेष. तेव्हाच्या यंत्रांना दूरवरचे दृश्य रेखाटणे झेपत नसे, म्हणून काही पावलांपलीकडे सगळे धुक्यात विरघळते. पुढे हौशी खेळाडूंनी हे धुके हटवणारे जोडप्रोग्राम तयार केले, तेव्हा दूर वाटणारी गावे हाकेच्या अंतरावर निघाली. बेट मोठे भासत होते ते या धुक्यामुळे आणि नायकाच्या संथ चालीमुळे. यंत्राची मर्यादा कलेच्या उपयोगी पडल्याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित सापडते.

‘मॉरोविंड’मध्ये कामगिरीच्या ठिकाणाकडे बोट दाखवणारा बाण नाही. गावकरी तोंडी वाट सांगतात: पूल ओलांडा, ओढ्याच्या कडेने जा, दोन खडकांमधून वळा. त्यामुळे खेळाडूला प्रदेश खरोखर निरखावा लागतो, आणि प्रत्येक वळण ओळखू येईल असे रंगवणे ही चित्रकारांची जबाबदारी ठरते. मालिकेतल्या पुढच्या, २००६ च्या ‘ऑब्लिव्हियन’मध्ये पडद्यावर दिशादर्शक आला. त्याची वने अधिक देखणी आहेत, पण खेळाडूची नजर त्यांच्यापेक्षा त्या खुणेवरच जास्त राहते.