लांबचा पल्ला, बेताची थैली

बेळगाव, खानापूर आणि गोवा या भागांतून दरवर्षी कितीतरी कुटुंबे तामिळनाडूच्या किनाऱ्यावरील वेलांकण्णी येथे आरोग्यमातेच्या दर्शनास जातात. कोणी नवस फेडावयास जातो, कोणी आजारातून उठलेल्या माणसाला घेऊन जातो, तर कोणी केवळ श्रद्धेने जातो. यांतील बहुतेक कुटुंबे बेताच्या मिळकतीची असतात. माणसे एक-दोन असतील, तर त्यांनी खुशाल रेल्वेने जावे. तेच स्वस्त पडते. परंतु घरात मोटार असली आणि जाणारी माणसे चार-पाच असली, म्हणजे हिशेब बदलतो. रेल्वेचे भाडे माणशी द्यावे लागते. मोटारीचे पेट्रोल मात्र अंतरावर लागते, माणसांवर नव्हे. अशा वेळी रस्त्याने जाण्याचा बेत ठरतो, आणि खरी अडचण तेथूनच सुरू होते. एवढा लांबचा पल्ला थोडक्या पैशांत आणि सुखरूप कसा पार पाडावा?

या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात सांगता येते. काटकसर घर सोडण्यापूर्वी करावी, रस्त्यावर करू नये. कागद आणि पेन्सिल घेऊन घरी बसून जो पैसा वाचवला जातो, तो खरोखर वाचतो. झोप, विश्रांती आणि गाडीचे टायर यांत वाचवलेला पैसा पुढे कितीतरी पटींनी वसूल होतो.

आधी मार्ग पाहू. बेळगावहून हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग, तुमकूर यांवरून बंगळूरपर्यंत सुमारे ५०० किलोमीटर होतात. हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८. जुनी माणसे त्याला आजही चार नंबरचा रस्ता म्हणतात. बंगळूरहून होसूरवरून कृष्णगिरीस गेल्यावर रस्ता फुटतो. ४८ क्रमांकाचा महामार्ग पूर्वेस चेन्नईकडे वळतो आणि ४४ क्रमांकाचा दक्षिणेस सेलमकडे जातो. आपला मार्ग सेलमचा. सेलमहून नामक्कलवरून कावेरीकाठच्या तिरुचिरापल्लीस आणि तेथून ८३ क्रमांकाच्या महामार्गाने तंजावर, नागपट्टणम् व वेलांकण्णी. एकंदर अंतर सुमारे १,००० किलोमीटर भरते. पणजीहून निघणाऱ्याने त्यात बेळगावपर्यंतचे शंभराहून थोडे अधिक किलोमीटर मिळवावे.

या क्रमांकांत एक व्यवस्था आहे. २०१० साली महामार्गांना नवे क्रमांक देण्यात आले. त्यांत उत्तर-दक्षिण जाणाऱ्या प्रमुख मार्गांना सम अंक मिळाले आणि ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत गेले. पूर्व-पश्चिम मार्गांना विषम अंक मिळाले आणि ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढत गेले. तंजावरच्या मार्गाचा अंक ८३ आहे, यावरूनच तो अगदी दक्षिणेकडील असल्याचे कळते. ग्वाल्हेर आणि हैदराबाद ही दोन्ही शहरे ४४ वर आहेत, वडोदरा ४८ वर आहे, आणि इंदूरहून येणारा ५२ क्रमांकाचा महामार्ग सोलापूर, विजापूर करीत हुबळीस येऊन मिळतो. तेव्हा या सर्व ठिकाणच्या प्रवाशांना हीच रीत लावता येईल. फक्त किलोमीटर आणि दिवस वाढतील.

मार्ग ठरला की दिवस ठरवावे. हजार किलोमीटर पाहिले, की कित्येकांच्या मनात येते, पहाटे निघावे आणि दुसऱ्या दिवशी पोहोचावे. ज्या कुटुंबात गाडी हाकणारा एकच आहे, त्याने दिवसाला ३०० किलोमीटरांच्या आसपासच थांबावे. पहिला मुक्काम चित्रदुर्ग, दुसरा कृष्णगिरी, तिसरा तंजावर, आणि चौथ्या दिवशी शंभर किलोमीटर जाऊन वेलांकण्णी. तेथे दोन रात्री काढून परत फिरावे. परतीचा रस्ता ओळखीचा झालेला असतो. म्हणून सेलम आणि हिरियूर असे दोनच मुक्काम करून तिसऱ्या दिवशी घरी येता येईल. एकूण ८ दिवस आणि ७ रात्री.

आता खर्च. प्रवासाच्या खर्चाचे तीन वर्ग असतात: किलोमीटरवर चालणारा, दिवसावर चालणारा आणि अकल्पित. पाच माणसांचे कुटुंब धरून त्याचा नमुना मांडू. जाण्यायेण्याचे २,००० किलोमीटर आणि गावागावांतील फेऱ्यांचे २०० धरले, तर गाडी २,२०० किलोमीटर धावेल. सामानासह भरलेली साधारण मोटार लिटरला १५ किलोमीटर जाते असे मानले, तर सुमारे १४७ लिटर पेट्रोल लागेल. हिशेबाच्या सोयीसाठी लिटरचा भाव १०० रुपये धरला, तर १४,७०० रुपये होतात. प्रत्यक्ष भाव ज्याने त्याने निघण्याच्या दिवशी पाहावा. टोलसाठी ३,००० रुपये धरू. जेवणखाण दिवसाला १,२०० प्रमाणे ८ दिवसांचे ९,६००, आणि मुक्काम रात्री १,५०० प्रमाणे ७ रात्रींचे १०,५००. बेरीज ३७,८०० रुपये. म्हणजे माणशी ७,५६०. याखेरीज ७,५०० रुपये वेगळ्या पाकिटात ठेवावे आणि ते नाहीतच असे समजून चालावे. पंक्चर, ताप, मोडलेला आरसा, चुकलेला रस्ता, या साऱ्यांचा धनी ते पाकीट. पाकिटाइतकी शिल्लक नसेल, तर यात्रा चार महिने पुढे ढकलावी. पाकीट मोडून निघू नये.

यांतील कोणता आकडा खाली आणता येतो? पहिला पेट्रोलचा. मोटारीला हवेचा जो अवरोध होतो, तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दीडपट केला, तर अवरोध सव्वादोनपट होतो आणि तो मोडण्यासाठी लागणारे पेट्रोलही वाढते. भरधाव हाकल्यामुळे गाडी १५ च्या ऐवजी १३ किलोमीटरच जाऊ लागली, तर याच प्रवासात सुमारे २२ लिटर, म्हणजे २,२०० रुपये जास्त जातील. टपावर बांधलेले बोचके आणि कमी हवेचे टायर यांचाही हाच परिणाम होतो. टायरांतील हवा सकाळी, ते थंड असताना, भरलेल्या गाडीसाठी कंपनीने दाराजवळच्या पट्टीवर दिलेल्या आकड्याप्रमाणे भरावी. प्रत्येक राज्याचा पेट्रोलवरील कर निराळा असतो, हेही ध्यानात ठेवावे. गेली काही वर्षे गोव्यात कर्नाटकापेक्षा आणि गुजरातेत महाराष्ट्रापेक्षा पेट्रोल स्वस्त मिळत आले आहे. तेथून निघणाऱ्याने टाकी घरीच भरून घ्यावी.

दुसरा आकडा टोलचा. १५ ऑगस्ट २०२५ पासून खाजगी मोटारींसाठी राष्ट्रीय महामार्गांचा वार्षिक पास सुरू झाला. सुरुवातीस त्याची किंमत ३,००० रुपये होती, आणि एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, यांपैकी जे आधी संपेल तेथपर्यंत त्याची मुदत ठरवण्यात आली. सामान्यतः एक नाका ओलांडणे ही एक फेरी. वाटेतील नाक्यांचे दर लिहून बेरीज करावी आणि ती पासाच्या चालू किमतीशी ताडून पाहावी. वर्षातून दोन-चार वेळा पुण्या-मुंबईस जाणाऱ्या कुटुंबाला पास बहुधा परवडेल. एकदाच घराबाहेर पडणाऱ्याला परवडेलच असे नाही. तुमकूर रस्ता व होसूर रस्ता यांना जोडणाऱ्या, बंगळूर शहर टाळणाऱ्या नाइस मार्गाला हा पास चालत नाही. तेथील टोल वेगळा द्यावा लागतो. फास्टॅगच्या खात्यात पुरेशी रक्कम ठेवावी, नाहीतर नाक्यावर जादा आकार भरावा लागतो.

तिसरा आकडा जेवणखाणाचा. पहिले दोन दिवस दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा, फळे यांवर सकाळ-संध्याकाळ निभावते. दुपारी मात्र कर्नाटकात ताटातील ‘ऊट’ आणि तामिळनाडूत केळीच्या पानावरील ‘मील्स’ घ्यावे. ज्या खाणावळीत गावची माणसे गर्दी करतात तेथे अन्न ताजे असते आणि दरही माफक असतो. मुक्कामासाठी महामार्गावरील झगमगीत हॉटेलापेक्षा गावातील बसस्थानकाजवळचे स्वच्छ लॉज बरे. वेलांकण्णीस देवस्थानाची यात्रीनिवासे आहेत. तेथे जागा आधी मागून ठेवावी.

काळ कोणता निवडावा, यावरही खर्च अवलंबून असतो. वेलांकण्णीची यात्रा २९ ऑगस्टला ध्वजारोहणाने सुरू होते आणि ८ सप्टेंबरला, मरियामातेच्या जन्मदिनी, समाप्त होते. त्या दिवसांत लक्षावधी माणसे लोटतात आणि राहण्याची जागा दुर्मिळ होते. दिवाळीच्या सुटीत जावे म्हटले, तर आपल्याकडील पावसाळ्याचे गणित तेथे चालत नाही. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘गज’ चक्रीवादळाने नागपट्टणम् जिल्ह्याची मोठी नासधूस केली, ती याच ऋतूत. ज्याचा नवस विशिष्ट तिथीला बांधलेला नाही, त्याने जानेवारी-फेब्रुवारी पसंत करावा. तेव्हा पाऊस ओसरलेला असतो, ऊन सोसवते आणि खोलीही रास्त भावात मिळते.

येथवर सांगितली ती करण्याजोगी काटकसर. आता न करण्याजोगी. पुष्कळ प्रवासी रात्रीचा मुक्काम चुकवून पैसे वाचवू पाहतात. वरच्या हिशेबात एक रात्र आणि एक दिवस गाळला, तर लॉजचे १,५०० आणि जेवणाचे १,२०० असे २,७०० रुपये वाचतात. त्याच्या मोबदल्यात काय पणास लागते? केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक मृत्यू राष्ट्रीय महामार्गांवर झाले, आणि या महामार्गांची लांबी देशातील एकूण रस्त्यांच्या जेमतेम दोन टक्के आहे. सर्वांत अधिक बळी अतिवेगाने घेतले. पहाटेच्या प्रहरी माणसाचे शरीर झोप मागते. डोळे उघडे असूनही मन क्षणभर मिटते. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. तीन सेकंदांची डुलकी म्हणजे ६६ मीटर अंतर गाडी आपोआप गेली असे होते, आणि वाटेत बिनदिव्याचा थांबलेला ट्रक असेल तर तेवढे पुरते. मागच्या आसनावर आई-वडील आणि मुले झोपलेली असतात. २,७०० रुपयांसाठी ही जोखीम कोणताही शहाणा कुटुंबप्रमुख पत्करणार नाही. सकाळी ६ ला निघावे, दर दोन तासांनी उतरून पाय मोकळे करावे, आणि दिवे लागण्यापूर्वी मुक्काम गाठावा.

दुसरी खोटी काटकसर भाड्याच्या गाडीची. शेजाऱ्याची पांढऱ्या पाटीची खाजगी मोटार पैसे देऊन न्यावी, टॅक्सीपेक्षा स्वस्त पडते, असे पुष्कळांना वाटते. खाजगी वाहन भाड्याने चालवणे कायद्याला मान्य नाही. अपघात झाल्यास विमा कंपनी भरपाई नाकारू शकते, आणि त्या वेळी शेजारी व प्रवासी दोघेही उघड्यावर पडतात. भाड्याची गाडी न्यावयाची तर पिवळ्या पाटीचीच घ्यावी आणि परराज्यांतील परवाना व कर यांची चौकशी आधी करावी. स्वतःची गाडी असेल, तर चालकाचा परवाना, नोंदणीपत्र, विमा आणि प्रदूषण प्रमाणपत्र यांच्या मुदती परतीच्या दिवसापर्यंत पुरतात ना, हे पाहावे. ब्रेक, टायर, स्टेपनी आणि पाण्याची नळी निघण्यापूर्वी आठवडाभर आधी तपासून घ्यावी, म्हणजे दुरुस्तीनंतर गाडी चार दिवस घरच्या रस्त्यावर चालवून पाहता येते. महामार्गावर मदतीसाठी १०३३ आणि कोणत्याही संकटात ११२ हे दोन क्रमांक घरातील प्रत्येकाला पाठ असावेत.

तिसऱ्या मुक्कामासाठी तंजावर सुचवले, ते केवळ अंतर जुळते म्हणून नव्हे. सतराव्या शतकात शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी तेथे राज्य स्थापले, आणि १८५५ पर्यंत ते भोसले घराण्याकडे राहिले. बृहदीश्वराच्या सहस्र वर्षांच्या मंदिरात १८०३ साली कोरलेला भोसले वंशाचा मराठी शिलालेख आजही उभा आहे. सरफोजी राजांनी वाढवलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागदपत्रे जतन केलेली आहेत. याच सरफोजींचे पालन-शिक्षण श्वार्ट्झ नावाच्या एका जर्मन धर्मोपदेशकाच्या देखरेखीखाली झाले होते. घरापासून नऊशे किलोमीटरांवर दगडात कोरलेली आपली भाषा मुलांना वाचावयास मिळते, आणि मंदिरात प्रवेशासाठी पैसाही लागत नाही. तोवर गाडी हाकणाऱ्याला अर्धा दिवस विसावा मिळतो. धावत गेलेल्याच्या पदरी यांतले काहीच पडत नाही.

हे सर्व एका वहीच्या दोन पानांवर मावते. डाव्या पानावर मुक्काम, अंतरे आणि लॉजचे दूरध्वनी. उजव्या पानावर तीन वर्गांचा खर्च आणि रोजचा प्रत्यक्ष आकडा. रोज रात्री झोपण्यापूर्वी घरातील शिकत्या मुलाने तो हिशेब लिहावा. तिसऱ्या रात्री खर्च अंदाजापेक्षा वाढलेला दिसला, तर पुढच्या दिवसांचे खाणे-खरेदी आवरावी. मुक्काम मात्र कमी करू नये. परतल्यावर ती दोन पाने फाडून टाकू नयेत. आळीतील दुसरे एखादे कुटुंब पुढच्या वर्षी निघेल, तेव्हा कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकापेक्षा तीच त्याच्या अधिक उपयोगी पडतील.